काटा, कॉरिडॉर आणि हेडसेट

एडवर्ड मायब्रिज यांनी १८८४ ते १८८६ या काळात फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचालींची हजारो छायाचित्रे घेतली. रांगेने मांडलेले कॅमेरे एकामागून एक उघडत आणि एका हालचालीचे डझनभर तुकडे काचेवर उमटत. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’मध्ये असे ७८१ फलक आहेत. धावपटू, कुस्तीगीर, जिने चढणाऱ्या स्त्रिया आणि दौडणारे घोडे यांच्याबरोबर त्यात ३४० पौंड, म्हणजे सुमारे १५४ किलो वजनाची एक स्त्री आहे, आणि एका फलकावर ती जमिनीवरून उठून उभी राहते. जमिनीवरून उठता येते का, कुठे हात टेकावा लागतो, कोणत्या टप्प्यावर तोल सांभाळावा लागतो, हे लठ्ठ व्यक्तीची तपासणी करणाऱ्या आजच्या फिजिओथेरपिस्टचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे शोधण्याची रीत त्या फलकात होती. तरीही पुढच्या काळात वैद्यकाने जड शरीराला मुख्यतः एकच प्रश्न विचारला: वजन किती? आता डोळ्यांवर हेडसेट चढवून, आभासी वास्तवात म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत लठ्ठ व्यक्तीची शारीरिक क्षमता मोजण्याचे प्रयत्न होत आहेत. त्यांच्याकडे तंत्रज्ञानाची नवलाई म्हणून पाहिले, तर त्यांचे महत्त्वही कळणार नाही आणि धोकाही. शरीर काय करू शकते हे मोजण्याची प्रत्येक पद्धत कोणत्या ना कोणत्या विशिष्ट शरीरांसाठी घडली आणि त्या शरीरांची मापे बरोबर घेऊनच पुढे गेली. जड शरीर त्या मापांत कायम उपरे राहिले. हेडसेटची परीक्षा याच मुद्द्यावर व्हायला हवी, असे मला वाटते.

वजन करण्याची रीत वैद्यकात जुनी आहे. इटलीतल्या सांतोरियो सांतोरियो यांनी काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून आपले अन्न, मलमूत्र आणि स्वतःचे वजन वर्षानुवर्षे नोंदवले आणि १६१४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पण आज दवाखान्यात वापरले जाणारे सूत्र आले ते बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केतले यांच्याकडून. प्रौढ माणसांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांनी १८३५च्या आपल्या ग्रंथात मांडले. लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. त्याच ग्रंथात केतले यांनी माणसांची ताकदही मोजली आहे, ही गोष्ट मात्र मागे पडली. त्यासाठी त्यांनी एडम रेनिए यांचा डायनामोमीटर वापरला. स्प्रिंग दाबून हाताचा जोर आणि वर ओढून कमरेचा जोर दाखवणाऱ्या या यंत्राचे वर्णन १७९८ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे शरीर किती भरते आणि शरीर किती जोर लावते, ही दोन्ही मापे एकाच ग्रंथात शेजारी होती. पुढच्या पिढ्यांनी त्यांतले पहिले ठेवले. कारण उघड आहे. वजन करताना माणसाला काहीही करावे लागत नाही. तो फक्त काट्यावर उभा राहतो. ताकद मोजताना त्याची इच्छा, सराव, भीती, समोर कोण उभे आहे, हे सगळे आकड्यात मिसळते. संख्याशास्त्राला ही मिसळ गैरसोयीची होती.

ही गैरसोय खरी होती, हे कबूल करायला हवे; क्षमतेच्या मोजमापाची फसगत किती मोठी असू शकते याचा दाखला त्याच यंत्राने दिला. फ्रान्सचा निसर्ग-अभ्यासक फ्रान्स्वा पेरों १८०० साली निघालेल्या बोदँ यांच्या सागरी मोहिमेवर रेनिएचा डायनामोमीटर घेऊन गेला. टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोर इथल्या लोकांच्या हाती त्याने ते यंत्र दिले, फ्रेंच खलाशांचे आणि इंग्रज वसाहतीतल्या माणसांचे आकडे शेजारी मांडले आणि ‘रानटी’ माणूस ‘सुसंस्कृत’ माणसापेक्षा दुबळा असतो, असा निष्कर्ष काढला. ज्यांनी असे यंत्र कधी पाहिले नव्हते, ज्यांना परक्या माणसासमोर जोर लावण्याचे कारण नव्हते, त्यांचा आकडा कमी आला यात नवल काय? पण तो आकडा त्यांच्या स्नायूंबद्दलचे सत्य म्हणून छापला गेला. इथून घेण्याचा धडा क्षमता मोजूच नये असा नाही. क्षमतेच्या प्रत्येक आकड्यात माणसाबरोबर यंत्र आणि प्रसंगही मोजला जातो, आणि हा भाग वेगळा काढता आला नाही तर मोजणाऱ्याचा पूर्वग्रह विज्ञानाच्या नावाने खपतो, असा तो आहे.

विसाव्या शतकात वजनाला राजमान्यता दिली ती विमा कंपन्यांनी. अमेरिकेच्या मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीने १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले आणि १९५९ साली ते सुधारले. त्यामागे प्रश्न होता तो विमेदार किती जगेल याचा. तो जिना चढू शकतो का, हे कंपनीला विचारण्याचे कारण नव्हते. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या ७,४०० हून अधिक पुरुषांची मापे तपासून केतले यांचे जुने गुणोत्तर त्यातल्या त्यात बरे ठरवले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिले. त्या मापांत स्त्रिया नव्हत्या. तरी पुढे जास्त वजन आणि लठ्ठपणा यांच्या सीमारेषा म्हणून २५ आणि ३० हे आकडे जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर चढले. या आकड्याची मर्यादा दाखवणारा एक दाखला पुण्याशी जोडलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एकच आकडा दोन अगदी वेगळी शरीरे झाकतो, हे त्याहून स्पष्ट सांगता येणार नाही. चरबीच्या बाबतीत जे खरे, तेच क्षमतेच्या बाबतीतही खरे आहे. कोल्हापूरच्या तालमीत पैलवानाची तयारी जोर-बैठकांच्या संख्येने जोखली जाते, आणि तिथल्या कित्येक भारी पैलवानांचा बीएमआय ३० च्या पुढे जाईल. तेवढाच बीएमआय असलेला दुसरा माणूस रेल्वेचा पूल चढताना दोनदा थांबत असेल. लोकसंख्येचा कल पाहायला बीएमआय उपयोगी आहे, स्वस्त आहे, आणि तो टाकून देण्याची गरज नाही. पण समोरच्या एका माणसाचे आयुष्य कुठे अडते आहे, हे तो सांगू शकत नाही.

क्षमतेचे मोजमाप या काळात नाहीसे झाले नव्हते; ते दुसऱ्या वाटेने वाढत होते, आणि ती वाट लष्करी छावणीतून आली. हार्वर्डच्या ‘फटीग लॅबोरेटरी’त, म्हणजे थकव्याच्या प्रयोगशाळेत, १९४३ साली पायरी-चाचणी तयार झाली. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, जास्तीत जास्त पाच मिनिटे चढायचे-उतरायचे आणि मग नाडी मोजायची. दुसऱ्या महायुद्धात तरुण माणसे कामास किती योग्य आहेत हे पाहण्यासाठी ती होती. १९६८ साली अमेरिकी हवाई दलातले डॉ. केनेथ कूपर यांनी बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी प्रसिद्ध केली: बारा मिनिटांत किती अंतर कापता, त्यावरून हृदय-फुप्फुसांची ताकद ओळखायची. पुढची घडामोड मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. १९७६ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी धावणे काढून तिथे चालणे आणले. १९८२ साली असे दिसले, की श्वसनविकाराच्या रुग्णाला बारा मिनिटे चालायला लावण्याची गरज नाही, सहा मिनिटेही पुरेशी सांगतात. १९८५ साली कॅनडाच्या गॉर्डन गायट यांनी हीच चाचणी हृदयविकाराच्या रुग्णांसाठी वापरली, आणि २००२ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने ३० मीटर लांबीच्या कॉरिडॉरसह तिचे नियम बांधून दिले. हवाई दलातली चाचणी अशी पायरीपायरीने धाप लागलेल्या माणसापर्यंत आली. प्रत्येक वेळी कोणीतरी जाणूनबुजून मापाला शरीराकडे वळवले. गायट यांनी १९८४ साली आणखी एक गोष्ट दाखवली: चालणाऱ्याला ठरावीक वेळाने शाबासकी दिली, तर सहा मिनिटांतले अंतर सुमारे ३० मीटरनी वाढते. पेरोंच्या हाती नसलेली समज इथे आली होती. प्रसंगाचा परिणाम होतो, तो मोजता येतो आणि म्हणून त्याला शिस्त लावता येते.

जड शरीराकडे मात्र मापाला असे फारसे कोणी नेटाने वळवले नाही. १९९८ साली पॉल एनराइट आणि डुएन शेरिल यांनी ४० ते ८० वयाच्या २९० निरोगी प्रौढांवरून सहा मिनिटांत किती अंतर अपेक्षित धरावे, याची समीकरणे दिली. स्त्रियांच्या समीकरणात वजनाच्या प्रत्येक किलोमागे २.२९ मीटर वजा होतात. म्हणजे उंची आणि वय सारखे असलेल्या दोघींपैकी एकीचे वजन ३० किलोंनी जास्त असेल, तर तिच्याकडून जवळपास ६९ मीटर कमी अपेक्षा ठेवली जाते. याचे समर्थन करता येते: जास्त भार वाहणाऱ्याची तुलना हलक्या माणसाशी करणे अन्यायाचे. पण याच गणिताने वजनामुळे आलेली खरी अडचण ‘अपेक्षेप्रमाणे’ या शेऱ्याखाली नाहीशी होऊ शकते. खुर्चीवरून उठून, थोडे चालून परत बसायच्या ‘उठ-चाल’ चाचणीची खुर्ची १९९१च्या नियमांनुसार सुमारे ४६ सेंटिमीटर उंच, हात टेकवता येतील अशी असते; ती म्हाताऱ्या माणसांचा तोल पाहण्यासाठी ठरली, तिच्या दोन हातांमध्ये रुंद शरीर बसेल का हा विचार त्यात नव्हता. चालण्याच्या प्रयोगशाळाही याला अपवाद नाहीत. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८०च्या दशकात काळ्या पोशाखावर चमकत्या खुणा लावून हालचाल टिपली, लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर यांनी १८९१ साली सैनिकाच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधल्या. आजच्या मोशन कॅप्चरमध्येही खुणा हाडांच्या टोकांवर चिकटवायच्या असतात. जिथे कमरेचे हाड चरबीच्या थराखाली असते आणि चालताना तो थर हाडाहून वेगळा हलतो, तिथे मापच चुकते. सडपातळ सैनिकासाठी जन्मलेली पद्धत जड माणसाची चाल वाचताना अडखळते आणि अडखळल्याचा दोष चालणाऱ्याच्या नावावर जातो.

या पार्श्वभूमीवर हेडसेटचा इतिहास वेगळा वाचता येतो. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पहिला संगणकीय पडदा दाखवला, तेव्हा त्याला छतापासून लोंबणारा एक यांत्रिक दांडा जोडलेला होता. डोके कुठे आहे आणि कुठे वळले आहे हे आधी कळल्याशिवाय त्याप्रमाणे चित्र काढता येत नाही, म्हणून तो दांडा. म्हणजे आभासी वास्तवाचे यंत्र दाखवण्याआधी मोजते. मोजमाप हा त्याच्या कामाचा पायाच आहे. १९९०च्या दशकात इटलीत ज्युसेप्पे रिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते लठ्ठपणा आणि खाण्याच्या विकारांच्या उपचारात आणले, पण तेव्हा विषय होता स्वतःच्या शरीराची मनातली प्रतिमा. शरीराच्या हालचालीकडे लक्ष वळले ते खेळण्यांमुळे. २००७ साली आलेला निन्टेन्डोचा वी बॅलन्स बोर्ड तोल मोजायला पुरेसा अचूक आहे, असे २०१० सालच्या एका अभ्यासात दिसले आणि महागड्या दाबपट्टीऐवजी तो कित्येक संशोधकांनी वापरला. त्या बोर्डाची जपानबाहेरची कमाल वजनमर्यादा होती १५० किलो. मायब्रिजच्या कॅमेऱ्यासमोर उठून उभी राहिलेली १५४ किलोंची स्त्री सव्वाशे वर्षांनंतरच्या त्या मापनयंत्रावर उभी राहू शकली नसती. ज्यांच्या गुडघ्यांवर आणि तोलावर वजनाचा सर्वाधिक परिणाम होतो, त्यांनाच मोजणीतून वगळणारे साधन आणि त्यावरून निघणारे ‘लठ्ठ व्यक्तींचे’ निष्कर्ष, ही चूक पुन्हा होऊ देता कामा नये.

मग हेडसेट नवे काय देऊ शकतो? पहिली गोष्ट म्हणजे तो प्रसंगाला शिस्त लावतो. सूचना, शाबासकी, तिची वेळ, समोरचे दृश्य हे सगळे प्रत्येकासाठी तंतोतंत सारखे ठेवता येते. गायट यांनी उघड केलेला ३० मीटरांचा फरक तपासनिसाच्या मूडवर राहत नाही. दुसरे, डोक्याची आणि हातांची जागा सेकंदाला कित्येक वेळा नोंदवली जात असल्यामुळे केवळ ‘किती सेकंद’ एवढेच न कळता उठताना माणूस कुठे थबकला, कोणत्या दिशेला झुकला, हेही कळते, आणि त्यासाठी कमरेच्या हाडावर खूण चिकटवावी लागत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: चाचणीतले काम बदलता येते. ३० मीटरचा मोकळा, सपाट कॉरिडॉर कोणाच्याही आयुष्यात नसतो. वरच्या फळीवरचा डबा काढणे, खाली वाकून वस्तू उचलणे, अंगावर येणाऱ्या गर्दीत बाजूला सरकणे, सिग्नल बदलण्याआधी रस्ता ओलांडताना गाड्यांकडेही लक्ष ठेवणे, अशी कामे सुरक्षित खोलीत उभी करता येतात. आपल्याकडे तर जमिनीशी असलेला संबंध अजून तुटलेला नाही. मांडी घालून जेवणे, पूजेला पाटावर बसणे, उकिडवे बसून शौचाला जाणे, एसटीची उंच पायरी चढणे यांतले काहीच ४६ सेंटिमीटरच्या खुर्चीवरून उठण्यात मोजले जात नाही. खुर्चीच्या चाचणीत चांगले आकडे असलेला माणूस लग्नाच्या पंगतीत बसायचे टाळत असू शकतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला खर्चाचा: खुर्ची, घड्याळ आणि व्हरांडा जिथे पुरतात तिथे हेडसेट कशाला? जिथे साध्या चाचणीने उपचाराचा निर्णय होतो, तिथे तीच करावी, हे बरोबरच आहे. तालुक्याच्या दवाखान्यात घड्याळ लावून तीस सेकंदांत माणूस खुर्चीवरून किती वेळा उठतो हे पाहिले गेले, तरी तो वजनकाट्याच्या कितीतरी पुढचा टप्पा असेल. हेडसेटचा उपयोग साध्या चाचणीला न दिसणाऱ्या अडचणी शोधण्यासाठी आणि ती चाचणी सुधारण्यासाठी आहे. दुसरा आक्षेप वास्तवाचा: आभासी जिना हा जिना नव्हे. पडद्यावरची पायरी शरीरावर भार टाकत नाही. चढणे मोजायचे तर पायाखाली खरी पायरी हवीच. शिवाय हेडसेटमध्ये माणसांना अंतर कमी वाटते, नवख्याची पावले जपून पडतात, काहींना मळमळते. सरावाशिवाय घेतलेली चाचणी म्हणजे पेरोंच्या प्रयोगाची पुनरावृत्ती होईल: यंत्राशी नसलेली ओळख शरीराचा दुबळेपणा म्हणून नोंदली जाईल. म्हणून आधी सराव, मग मोजणी, आणि त्याच माणसाच्या खऱ्या कामगिरीशी ताळा, या तीन गोष्टींना सूट असता कामा नये. तिसरा आक्षेप असा, की जड शरीरासाठी चाचणी बदलणे म्हणजे लठ्ठपणाला सोयीचे करणे, मापाची पट्टी खाली आणणे. धावण्याची चाचणी चालण्यावर आणणाऱ्या डॉक्टरांवर हाच आरोप करता आला असता. पण त्यांनी पट्टी खाली आणली नाही. जिथे आधी काहीच वाचता येत नव्हते तिथे वाचता येईल अशी पट्टी केली, आणि त्यामुळेच रुग्णाची सुधारणा आणि घसरण दोन्ही दिसू लागल्या. लठ्ठ व्यक्तींच्या पायांचे स्नायू अनेकदा एकूण जोरात सडपातळ माणसापेक्षा बळकट असतात आणि उचलायच्या वजनाच्या मानाने कमी पडतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवणारे माप माणसाची फुकाची समजूत घालत नाही. ते उपचाराला दिशा देते: ताकद टिकवायची, भार हलका करायचा.

हा प्रश्न आता टाळता येणार नाही, कारण व्याख्याच बदलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’च्या आयोगाने लठ्ठपणाला आजार केव्हा म्हणायचे यासाठी बीएमआयपलीकडचे निकष मांडले; अवयवांच्या बिघाडाबरोबरच वयाच्या मानाने रोजच्या कामांत आलेली ठळक अडचण हाही त्यांतला एक निकष आहे. ही मोठी दुरुस्ती आहे. शरीर काय करू शकते हा प्रश्न, केतले यांच्या ग्रंथात होता तसा, पुन्हा वजनाच्या बरोबरीला बसला आहे. पण आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, जेवणे ही तिथे दिलेली कामांची यादी सिडनी कॅट्झ यांच्या १९६३च्या मापाच्या वळणाची आहे, आणि ते माप घडले खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेतून. चाळिशीतली लठ्ठ व्यक्ती ही सगळी कामे करू शकते आणि तरीही तिचे जग महिन्यामहिन्याने आक्रसत असते: आधी जिना सुटतो, मग बाजार, मग जमिनीवर बसणे. ती आंघोळीपाशी अडेपर्यंत थांबणारे माप उशिरा जागे होणारे माप आहे. ही मधली घसरण टिपण्याची शक्यता हेडसेटमध्ये आहे. ती प्रत्यक्षात यायची तर अटी स्पष्ट हव्यात. खुर्ची, पायरी आणि आधाराचे पट्टे दोनशे किलो भार पेलणारे असावेत. कामे निवडताना त्या शरीरात जगणाऱ्यांना विचारले जावे. अपेक्षित आकडे त्यांच्याच मापांवरून, त्यांत स्त्रियांसह आणि आपल्या देशातल्या बसण्या-उठण्यासह, काढले जावेत. आणि निकाल विमा किंवा नोकरी नाकारण्यासाठी वापरता येणार नाही याची हमी मिळावी, कारण वजनाच्या तक्त्यांची सुरुवात कुठून झाली हे आपल्याला माहीत आहे. या अटी पाळल्या नाहीत तर हेडसेट हा महागडा वजनकाटा ठरेल. पाळल्या, तर जड शरीराला इतरांसाठी घडलेल्या मापात न कोंबता त्याच्यासाठीच माप घडवण्याचे काम वैद्यकात नेटाने होईल, आणि ते काम आता सुरू व्हायला हवे.